मांडीखालची फळी

"तो माफी मागंल," हिराबाय म्हणाली. "तू देऊ नको."

मी तिच्या ओट्यावर चपला काढत होतो. एक पाय बाहेर, एक अजून चपलेतच.

"कसली माफी, वयनी?"

"आत जा. आयकशील."

"आधी सांग तरी. मी सगळ्या तयारीने आलोय. शिव्या खायच्या, शिव्या द्यायच्या, काय असेल ते."

"भांडाया आलास व्हय? मंग जेवून भांड. उपाशी मानसाचा आवाज चढत नाय." तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं. "आन् बोलतंस कसा तू? पुस्तकासारखा. आपली भास कंच्या गटारात टाकलीस?"

बारा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो, नाव झालेला लेखक होतो, आणि त्या घरात सतरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. गावात दोनदा येऊन गेलो होतो. दोन्ही वेळा सत्कार, शाल, नारळ, आणि जीपमधून सरळ परत. या घरावरून जीप गेली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत होतो.

कारण हिराबायचा नवरा, जोमा घरत. माझ्या पहिल्या कादंबरीत तो 'सोमा' या नावाने आहे. एक अक्षर बदललं की माणूस बदलतो, असं मला तेव्हा वाटायचं. वाचकाला तो खरा वाटला, आणि गावाला तर नाव वाचायचीही गरज पडली नाही. मिठागराची उघाडी, म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायचं दार, सांभाळणारा, ताडी पिऊन झोपलेला, चाळीस घरांचं वर्षाचं मीठ समुद्राला परत देणारा सोमा. ती कादंबरी गाजली. तिच्यातला एक उतारा अकरावीच्या पुस्तकात लागला. मी सातवीत शाळा सोडलेला, मिठाच्या पाट्या वाहिलेला माणूस. मला प्राध्यापकांनी खुर्ची दिली. मीही तिच्यावर नीट बसलो नाही, पाय वर घेऊन बसलो. व्यासपीठावर उभा राहून सांगायचो, लेखकाने कुणाला सोडू नये, सख्ख्या बापाला सोडू नये. टाळ्या पडायच्या. स्वतःला सोडू नये, असं कधी म्हणालो होतो का, ते आठवत नाही.

जोमादादाच्या मुलाचा फोन आला होता. "बाबूस सारखा तुमचा नाव काढतो. एकदा येऊन जा." तेवढ्यासाठी मी आलो नसतो. खोटं कशाला बोलू. प्रकाशक नवी आवृत्ती काढत होता. त्याला प्रस्तावना हवी होती, आणि सोबत खऱ्या सोमाचा एक फोटो. कॅमेरा माझ्या पिशवीत होता.

आत गेलो.

दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर मिठागर होतं, म्हणजे जिथे मिठागर होतं ती जागा. मीठ पिकवणं तिथे केव्हाच थांबलं होतं. वाफ्यांचे बांध अर्धे विरघळलेले, मध्ये उथळ पाणी, त्यावर बगळे, आणि फार लांब, उन्हाच्या धुरात, बंदराच्या क्रेन पाण्यावर तरंगल्यासारख्या उभ्या. पाण्यावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छताच्या पत्र्यावर हलत होता. सगळी खोली पाण्याच्या तळाशी असल्यासारखी. त्या हलत्या उजेडाखाली, बाजेवर, जोमादादा बसला होता. तोंडाची डावी बाजू थोडी उतरलेली. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला होता; त्यात बरंच जुनं विसरलाय, असं मुलगा फोनवर म्हणाला होता. आणि डोळे पांढुरके. लहानपणापासून मिठाची चकाकी पाहिली की डोळ्यांत मीठ उतरतं, असं आमच्याकडे म्हणतात.

सून, सुगंधा, भिंतीशी बसली होती. मांडीवर माझी कादंबरी. पुठ्ठा निखळलेला, सुतळीने बांधलेला.

"कोन? पोशा?" जोमादादाने हात पुढे केला. "ये रं. बस. माज्या जवल बस."

मी बसलो. त्याने माझा हात धरला. त्या हाताचा तळवा अजूनही खडबडीत होता.

"मी तुजीच वाट बघत व्हतू. ही वाचते. रोज दुपारला. चौथ्यांदा चाललाय."

"पाचव्यांदा," सुगंधा म्हणाली.

"पाचव्यांदा! बघ. मना पाठ झालाय. बोलू?"

मी हो म्हणालो. लेखक कधी नाही म्हणतो?

जोमादादाने डोळे मिटले. आणि मग त्याच्या तोंडून माझी वाक्यं निघाली.

"'वैशाखी पौर्णिमा होती. आकाश तव्यासारखं तापलं होतं. उधाणाचं पाणी दुपारी चढणार, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांवर ताडीची साय आली होती, आणि त्या सायीखाली तो एखाद्या मुलासारखा झोपला होता. समुद्र आला तेव्हा सोमाला स्वप्न पडत होतं.'"

जन्मभर 'हाय-नाय' करणारा माणूस माझ्या शुद्ध मराठीत बोलत होता. एक शब्द चुकला नाही. माझा ठेका, माझे विराम. आधी मला काय झालं, तर आनंद. हलकट आनंद. वाटलं, कुठल्या लेखकाला असा वाचक मिळाला?

मग तो आपल्या बोलीत परत आला आणि रडू लागला.

"असा झोपलू मी, पोशा. चालीस घरांचा मीठ गेला. पोरांच्या तोंडातला गेला. तुज्या आयशीनं त्या वर्षी कंद उकडून दिवस ढकललं. मना माफ कर."

दारात हिराबाय उभी होती. पदर कमरेला खोचलेला. ती माझ्याकडे बघत राहिली.

मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण का ते कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र तेव्हाच टोचली. जोमादादा ताडी प्यायचा नाही. हळदीच्या रात्री सगळा गाव झिंगायचा तेव्हाही हा कोपऱ्यात बसून सरबत प्यायचा, आणि पोरं त्याला 'बामन' म्हणून चिडवायची. मग कादंबरीत ताडी आली कुठून? मीच पाजली. उघाडीवरच्या माणसाच्या हातून उघाडी उघडी का राहिली, हे वाचकाला सांगावं लागतं. मला ते माहीत नव्हतं. गोष्टीत भोक पडलं होतं, ते मी ताडीने बुजवलं.

"दादा, तू पीत नव्हतास," मी म्हणालो.

"नव्हतू?" तो गोंधळला. "त्या दिवशी पिलू असंन. छापलाय ना."

"म्या सांगून दमली," हिराबाय दारातून म्हणाली. "दोन वर्सा सांगते, तू पिला नव्हतास, तू झोपला नव्हतास. तर बोलतो, तू माजी समजूत कारतेस. बायकोचा बोलना खोटा, छापलेला खरा." ती आत आली आणि सुनेसमोर बसली. "सुगंधा, तो फलीचा वाच."

सुगंधाने न शोधता पान उघडलं. ते पान मलाही न बघता सापडलं असतं. तोच अकरावीतला उतारा. लोक मला अजून पत्रं लिहितात त्याबद्दल. एका समीक्षकाने त्याच्यावर तीन पानं लिहिली होती. 'वाचनातून होणारा दुसरा जन्म' असलं काहीतरी.

ती वाचू लागली. शाळेतल्या मुलीसारखं, एका सुरात:

"'मी फळीवर बसलो होतो. मांडीखाली ओलं लाकूड, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि हातात आयुष्यातलं पहिलं पुस्तक. पान उलटलं की वारा ते परत आणायचा. मी पुन्हा उलटायचो. दूर कुठेतरी पाणी हसत होतं. मला वाटलं, ते हसणं पुस्तकातूनच येतंय.'"

"बस," हिराबाय म्हणाली.

छतावर उजेड हलत होता. बाहेर बगळा ओरडला.

"पोशा," ती म्हणाली, "मी अडानी. तू शिकलेला. मना सांग, आगरात फलीवर कोन बसतो?"

मी खिडकीबाहेर, आगराकडे पाहिलं.

मिठागराच्या उघाडीत लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. उधाणाचं पाणी थोडं आत घ्यायचं असलं की वरची फळी काढायची. हवं तेवढं पाणी आलं की ती परत बसवायची आणि चिखलाने लिंपायची. मधल्या वेळात माणसाचं मन भटकतं. ऊन असतं, वारा असतो, डोळा लागतो. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. कुणी कुणाला शिकवायची नाही, बघूनच यायची. काढलेली फळी खाली ठेवायची नाही. मांडीखाली घ्यायची. जोवर ती टोचते तोवर उघाडी उघडी आहे. जो फळीवर बसला, उघाडी त्याची. उठायचं ते ती परत लावायलाच.

आख्ख्या आगरात फळी फक्त तिथेच असते.

हे मला माहीत होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं. आणि मी ते लिहिलं होतं. माझ्या हाताने, सुंदर करून, लाखो लोकांनी वाचावं असं. दहा ओळी पुढे जाऊन मी लिहिलं होतं, की दूरच्या बांधावरून मी समुद्र आत येताना पाहिला. दूरच्या बांधावर फळी कुठली? एकाही प्राध्यापकाला हे विचारावंसं वाटलं नाही. विचारणार कसे? पण मला तरी कुठे वाटलं?

स्वप्नात पाणी येतं तसं ते सगळं हळूहळू आलं. आवाज न करता. मी बावीस वर्षांचा. रद्दीच्या दुकानातून उचललेलं पुस्तक, पहिली चार पानं नसलेलं. फळीची कड मांडीला रुतत होती, म्हणून मी पंचा दुमडून खाली घातला. ती टोचू नये म्हणून. मग टोचलं नाही. मग काहीच टोचलं नाही. पायाखालून पाणी आत जात होतं, हिरवं, जाड, फेसाचं. मी एकदा खाली पाहिलंदेखील. छान दिसत होतं. मी पान उलटलं.

आणि मग तिसऱ्या प्रहरी मिठागराचा शेठ आला. वाफ्यांवर पांढरं काही उरलं नव्हतं. मिठाच्या रासा बुडातून विरघळून बसल्या होत्या. बायका बांधावर उभ्या होत्या, एकही रडत नव्हती. शेठने विचारलं, "उघाडीवर कोण होतं?" एक आवाज म्हणाला, "जोमादादा." तो आवाज कुणाचा होता हे मला एकोणतीस वर्षं ऐकू आलं नव्हतं. त्या खोलीत आलं.

जोमादादा तेव्हा माझ्यासमोर उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि शेठला म्हणाला, "हाव. उघाडी माज्या नावाची."

"बोल रं पोशा," बाजेवरचा जोमादादा म्हणाला. त्याला आमचं बोलणं नीट लागलं नव्हतं. "दिलीस का माफी? येवढा आयकला की मी मोकला."

त्या घटकेला काय काय मनात आलं ते सांगतो. दोन शब्द म्हटले की काम झालं. म्हातारा सुखाने डोळे मिटेल. फोटो निघेल. आवृत्ती निघेल. कुणाचं काही बिघडत नाही, उलट एक माणूस मोकळा होतो. दया म्हणतात याला. ते दोन शब्द माझ्या जिभेवर आलेही होते.

हिराबाय म्हणाली होती, देऊ नको. आता कळलं, का. मी माफी दिली असती, तर गुन्ह्यावर कायमचा शिक्का बसला असता.

"दादा," मी म्हणालो, "उघाडीवर मी होतो."

"काय?"

"तू नव्हतास. तू मला बसवून गेलास. मी वाचत बसलो. फळी लावायची विसरलो. आणि शेठला तुझं नाव सांगितलं. नंतर पुस्तकातही तेच लिहिलं."

जोमादादा हसला. "चल! मोठ्या मनाचा हायस. माज्यासाठी आपल्या अंगावर घेतोस."

"दादा, खरं सांगतोय."

"नको रं असा बोलू." त्याने माझा हात सोडला. चेहऱ्यावर भीती होती. तशी भीती मी लहान मुलाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे, गर्दीत बोट सुटलं की. "छापलाय ना तो? सुगंधा, छापलाय ना?"

"छापलाय," सुगंधा म्हणाली. "पन ह्यांनीच लिवलाय, बाबा. हेच बोलतात खोटा हाय."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू फलीवर व्हतास," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आन् मना ताडी पाजलीस."

"हो."

"मना परत कोनी आगरात घेतला नाय, पोशा. खडी फोडली मी. गाड्या भरल्या. माजा सख्खा भाव माज्या दारावरून जायाचा, हाक मारत नव्हता. मेला तवाबी बोलला नाय." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोसला असता. "मंग मी येवढी वर्सा कशाची भोगली?"

मी सुगंधाच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होतो.

पुढे मी प्रस्तावनेत तीन ओळींत हे सगळं कबूल केलं. समीक्षकांनी त्या कबुलीला 'कल्पक रचना' म्हटलं. गेले खड्ड्यात.

पण त्या दुपारी जोमादादाने आणखी एक प्रश्न विचारला. तो अजून माझ्या मानेवर बसलाय. तो कपाळाला आठ्या घालून कितीतरी वेळ खिडकीकडे बघत होता. त्याला तिथे फार तर उजेड दिसत असेल.

"मंग त्या दिवशी," तो म्हणाला, "मी कुठं व्हतू?"

मी हिराबायकडे पाहिलं.

"सांग ना. तू लेखक ना? मी झोपलू नव्हतू, पिलू नव्हतू. उघाडीवर तू व्हतास. मंग जोमा कुठं व्हता?"

पाच कादंबऱ्या लिहिल्या होत्या मी. शेकडो माणसं नको तिथे उभी केली होती, हवी तिथून हलवली होती. या एका माणसाला त्या दुपारी कुठे ठेवावं, मला कळेना. एकोणतीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं, तो कुठे गेला होता. मला फक्त त्याचं नाव पुरत होतं. त्याची जी खरी आठवण होती तिच्यावर माझं पुस्तक रोज दुपारी तासभर ओतलं गेलं होतं. मिठावर पाणी ओतावं तसं.

हिराबाय उठली आणि बाजेशी, खाली जमिनीवर, येऊन बसली.

"माज्याकडं व्हतास," ती म्हणाली.

"तुज्याकडं?"

"मी खाडीत शिंपल्यातली कालवा काराया गेलती. दुपारचा पानी चढायचा व्हता, बोलली पटकन येईन. कालवाच्या शिंपीवर पाय पडला, उभा चिरला. चिखलात बसली. उठाया गेली तर पाय आत. आजूबाजूला कोनी नाय. पानी यायला लागला. तू उघाडीवरून बघलास."

"मी बघलू?"

"तुजी नजर तवा घारीची व्हती. फली ह्याच्या मांडीखाली दिलास. ह्याला बोललास, बस, उठू नको. आन् धावलास."

जोमादादा ऐकत होता. दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसा, मान थोडी तिरपी करून.

"पुढं?"

"पुढं काय? चिखलात आलास. पानी तुज्या मांडीला, मंग कमरंला. पाठीवर घेतलास मना. मी बोलते, माजी टोपली, माजी कालवा. तू बोलतोस, घाल चुलीत तुजी कालवा."

सुगंधा फिसकन हसली आणि पदराने तोंड झाकलं. पुस्तक तिने मिटून बाजूला ठेवलं होतं.

"मंग मी बोललू का नाय कोनाला? शेठला?"

"लाज वाटली तुला. वरीस झाला नव्हता लग्नाला. बायकोपायी उघाडी सोडली, असा गाव बोलला असता. आन् ह्याचा नाव निघाला असता. ह्याचा बाप नुकता मेला व्हता. तू बोललास, पोराला आगरातून कारतील, आयशीला कोन बघंल." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मना शपथ घातलीस, ही गोष्ट परत कारायची नाय, तुज्याजवलबी. मी पालली. पालली ती चुकली."

मला हे ठाऊक नव्हतं. यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या चारशे पानांत ते एका ओळीतही नव्हतं.

"पाय दाव," जोमादादा म्हणाला.

तिने पाय बाजेवर ठेवला. त्याने हात चाचपडत पुढे आणला आणि तळव्यावरून बोटं फिरवली. टाचेपासून चवड्यापर्यंत गेलेला तो वण त्याला सापडला. बोट तिथे थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. सावकाश, आंधळा वाचतो तसं.

"भारी व्हतीस?" त्याने विचारलं.

"तवा नव्हती."

तो हसला. तोंडाची एकच बाजू हसली, पण ती चांगली हसली. मग डोळे मिटून बसून राहिला. पाण्याचा उजेड त्याच्या कपाळावरून सरकत होता. मला वाटलं, झोप लागली. मी हळूच पिशवी उचलली आणि उठू लागलो. त्या दोघांच्या मध्ये बसायचा मला काय हक्क होता?

"परत सांग," जोमादादा डोळे न उघडता म्हणाला. "पयल्यापासून."

हिराबायने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या पलीकडे ठेवली.

"तू कुठं चाललास?" ती म्हणाली. "बस खाली. ह्याला पाठ व्हईतवर सांगनार हाय मी. तुलाबी पाठ झाला पायजे. त्याच्या आधी उठायचा नाय."

मी खाली बसलो, जमिनीवर. आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.